वाहित मृदा : वर्गीकरणाचा इतिहास

मूळ खडकाची झीज ज्या जागी झाली, तेथून वाहते पाणी, वारा, हिमनदी, सागरी प्रवाह किंवा केवळ गुरुत्वाकर्षण यांच्यामुळे हलविल्या जाऊन अन्यत्र साचलेल्या मातीला वाहित मृदा म्हणतात. याउलट झिजलेल्या खडकावरच टिकून राहिलेली माती ही अवशिष्ट वा स्थानिक मृदा होय. वाहित मृदांचे वाहकानुसार गट पाडण्याची पद्धत पाठ्यपुस्तकांतून स्वयंसिद्ध असल्याप्रमाणे मांडली जाते. प्रत्यक्षात तिच्यातील बहुतेक वर्ग दीर्घकालीन वादांतून निश्चित झाले आहेत. नदीकाठी वाहक डोळ्यांदेखत काम करीत असल्याने तेथे निर्णय सोपा होता. जेथे वाहक नाहीसा झाला होता, तेथे मातीच्या घडणीवरूनच त्याचा माग काढावा लागला. विसाव्या शतकात कृषिविषयक मृदाविज्ञानाने या वर्गीकरणाला दुय्यम स्थान दिले. तथापि इमारतींचे पाये, मातीची धरणे व डोंगरउतार यांच्या अभ्यासात ते टिकून राहिले. कारण वाहकाने कणांची जी निवड व मांडणी करून ठेवलेली असते, तिच्यावर जमिनीचे वर्तन पुष्कळ अंशी अवलंबून असते.

वर्ग व त्यांची लक्षणे : वाहित मृदांचे सामान्यतः चार प्रमुख वर्ग मानतात. (१) गुरुत्ववाहित मृदा : कड्यांच्या व उतारांच्या पायथ्याशी घसरून आलेले डबर व माती. हिच्यातील तुकडे अणकुचीदार असून लहानमोठे कण एकमेकांत मिसळलेले असतात, कारण प्रवास थोडा असतो. (२) जलवाहित मृदा : हिच्या नदीय (जलोढ), सरोवरी व सागरी अशा तीन पोटवर्गांना पुष्कळदा स्वतंत्र वर्गांचेच स्थान दिले जाते. पाण्याचा वेग मंदावेल त्याप्रमाणे प्रथम गोटे, मग वाळू, नंतर पोयटा व शेवटी चिकणमाती खाली बसते. त्यामुळे पात्रालगत भरड व पात्रापासून दूर बारीक अशी प्रतवारी होते आणि प्रत्येक पुराबरोबर थरावर थर चढत जातात. संथ सरोवरात अतिशय पातळ व समांतर थर साचतात. (३) हिमवाहित मृदा : हिमनदी सूक्ष्म पिठापासून घराएवढ्या शिलाखंडांपर्यंत सर्व काही एकत्रच वाहून नेते व बर्फ वितळताच तेथेच टाकून देते. म्हणून या मातीत प्रतवारी व थर आढळत नाहीत. गोट्यांवर मात्र घासल्याचे ओरखडे दिसतात. (४) वातवाहित मृदा : वारा वाळू जमिनीलगत ढकलतो व धूळ उंच उचलून दूर नेतो. पहिल्या क्रियेने वालुकागिरी, तर दुसऱ्या क्रियेने लोएस ही पिवळसर, थरविरहित व मुख्यत्वे पोयट्याच्या आकारमानाच्या (सु. ०.०१ ते ०.०५ मिमी.) कणांची माती तयार होते.

प्राचीन व विधिविषयक कल्पना : मातीच्या प्राचीन वर्गीकरणांत रंग, पोत व सुपीकता यांना महत्त्व होते. अमरकोशात उर्वरा म्हणजे सुपीक जमीन, ऊषर म्हणजे खारवट जमीन, तसेच नदीमातृक व देवमातृक प्रदेश यांसाठी शब्द आहेत. त्यांपैकी शेवटच्या दोहोंत भेद आहे तो पीक कोणत्या पाण्यावर येते याचा. माती कोणी आणली याचा नव्हे. ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस (इ. स. पू. पाचवे शतक) याने मात्र खालच्या ईजिप्तची भूमी नाईल नदीच्या गाळाने बनली असल्याचे अनुमान केले होते.

मातीच्या वहनाला पहिले काटेकोर महत्त्व आले ते कायद्यात. इ. स. ५३३ मध्ये जस्टिनियन या रोमन सम्राटाच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या विधिसंहितेत नदीने आणलेल्या मातीचे दोन प्रकार केले आहेत. लक्षात येणार नाही इतक्या हळूहळू काठाला जोडली गेलेली माती काठाच्या मालकाची ठरे. पण प्रवाहाच्या जोराने एकाएकी तुटून आलेला ओळखता येण्याजोगा जमिनीचा तुकडा मूळ मालकाकडेच राही. यांतील पहिल्या प्रकाराच्या लॅटिन नावापासूनच जलोढ या अर्थाचा पाश्चात्त्य शास्त्रीय शब्द आला आहे. बंगालमध्ये गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पात्रबदलांमुळे जमिनीच्या मालकीचे तंटे सतत उद्‌भवत. १८२५ च्या अकराव्या विनियमात त्यांसाठी हळूहळू पडलेली भर व प्रवाहाचा आकस्मिक बदल यांत असाच भेद करण्यात आला. मराठीतील ‘मळई’ हा नदीकाठी गाळाने तयार झालेल्या जमिनीचा वाचक शब्द आणि उत्तर भारतातील ‘खादर’ (पुराखाली येणारी नवी गाळजमीन) व ‘भांगर’ (पुराच्या आवाक्याबाहेरची जुनी, उंच गाळजमीन) हे शब्दही शेतकऱ्यांच्या अशाच प्रत्यक्ष निरीक्षणातून आले आहेत. भूविज्ञानानेही पुढे खादर व भांगर या संज्ञा जशाच्या तशा स्वीकारल्या.

जलप्रलय व हिमनदी : उत्तर यूरोपच्या मोठ्या भागावर नद्यांच्या पातळीहून कितीतरी उंच अशा ठिकाणी गोटे व चिकणमाती यांचे मिश्रण पसरलेले आहे. आजच्या कोणत्याही नदीशी त्याचा संबंध लावता येत नव्हता. इंग्रज भूवैज्ञानिक विल्यम बकलंड (१७८४–१८५६) यांनी १८२३ मधील ग्रंथात हे निक्षेप एका जागतिक जलप्रलयाचे अवशेष मानून त्यांना नद्यांच्या जलोढापासून वेगळे नाव दिले. अशा रीतीने वाहकानुसार केलेल्या पहिल्या मोठ्या विभागणीत एक वाहक प्रत्यक्ष होता, तर दुसरा कल्पिलेला. चार्ल्स लायेल (१७९७–१८७५) यांना असा प्रलय मान्य नव्हता. त्यांनी तरंगत्या हिमखंडांनी ही माती समुद्रातून वाहून आणली असे प्रतिपादिले.

योग्य उत्तराची सुरुवात आल्प्स पर्वतातील रहिवाशांच्या अनुभवातून झाली. स्वित्झर्लंडमधील बान्य खोऱ्यातील झां प्येअर पेरोदँ या डोंगरी शिकाऱ्याने १८१५ मध्ये खाणतज्ञ झां द शार्पांत्ये (१७८६–१८५५) यांना असे सांगितले की, खोऱ्यातील मोठाले परके शिलाखंड पूर्वी अधिक लांबवर पसरलेल्या हिमनदीनेच आणून टाकलेले आहेत. शार्पांत्ये यांना त्या वेळी ही कल्पना अशक्य वाटली. अभियंते इग्नात्स व्हेनेट्स (१७८८–१८५९) यांनी मात्र ती गांभीर्याने घेतली व पुढे शार्पांत्येही तिचे पुरस्कर्ते झाले. लुई आगासीझ (१८०७–७३) यांनी १८४० मध्ये हिमनद्यांवरील आपल्या ग्रंथात विस्तृत हिमयुगाची कल्पना मांडली. त्याच वर्षी ते बकलंड यांच्यासमवेत स्कॉटलंडमध्ये हिंडले आणि तेथील खडकांवरील ओरखडे व हिमोढ पाहून बकलंड यांनी आपले जलप्रलयाचे मत सोडून दिले. हिमवाहित मृदा हा वर्ग सर्वमान्य होण्यास मात्र आणखी दोन-तीन दशके लागली [⟶ हिमयुग]. पुढे स्वीडनमध्ये जेरार्ड द येर (१८५८–१९४३) यांनी वितळत्या हिमस्तरासमोरील सरोवरांत साचलेले वार्षिक थर मोजून त्यांवरून बर्फ मागे हटण्याचा कालक्रम ठरविला. सरोवरी मृदेची थरांची रचना अशा रीतीने कालगणनेचे साधन बनली.

लोएससंबंधीचा वाद : लोएस हे ऱ्हाईन खोऱ्यातील लोकांच्या बोलीतील ‘सुटी, भुसभुशीत’ या अर्थाचे नाव. कार्ल सेझार फोन लेओनहार्ट (१७७९–१८६२) यांनी १८२०–३० या दशकात ते शास्त्रीय लिखाणात आणले. लायेल यांनी ऱ्हाईन व मिसिसिपी यांच्या खोऱ्यांतील लोएस पाहून तो संथ पुराचा गाळ असल्याचे मत दिले. तो नद्यांच्या जवळ सापडतो, त्याचे कण बारीक आहेत आणि दोन्ही गोष्टी गाळाला साजेशा आहेत, असा हा युक्तिवाद होता. परंतु नदीच्या गाळात दिसणारे थर त्यात नसतात. त्यात जमिनीवरील गोगलगाईंचे शंख सापडतात, तर पाण्यातील प्राण्यांचे क्वचितच. शिवाय तो टेकड्यांच्या माथ्यांवरही पसरलेला असतो.

फेर्डिनांट फोन रिख्टहोफेन (१८३३–१९०५) यांनी १८६८ ते १८७२ या काळात चीनमध्ये विस्तृत प्रवास केला. तेथील उंचसखल भूमीवर शेकडो मीटर उंचीच्या फरकाने एकच पिवळी माती चादरीप्रमाणे अंथरलेली त्यांना दिसली. हे कोणत्याही नदीला वा सरोवराला शक्य नव्हते. मध्य आशियातील रुक्ष प्रदेशांतून वाऱ्याने आणलेली धूळ गवताळ भूमीवर साचून हा लोएस बनला, असा निष्कर्ष त्यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. वातवाहित मृदा हा वर्ग केवळ वालुकागिरींपुरता मर्यादित नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले. चीनमधील लोएस पठारावर या मातीची जाडी पुष्कळ ठिकाणी १०० मी.पेक्षा अधिक आहे.

वाहक ओळखण्याचे महत्त्व येथे केवळ तात्त्विक नाही. हवेतून अलगद खाली बसलेल्या कणांमध्ये पोकळ्या पुष्कळ राहतात व चुनखडीच्या पातळ लेपाने कण एकमेकांना धरून ठेवलेले असतात. कोरड्या स्थितीत अशा मातीचे उभे कडे टिकतात आणि तिच्यात कोरलेल्या घरांत लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पण ती भिजली किंवा जोराने हादरली, म्हणजे ही मांडणी एकाएकी ढासळते. १६ डिसेंबर १९२० रोजी वायव्य चीनमधील हाययुआन येथे झालेल्या भूकंपात लोएसच्या टेकड्या घसरून गावेच्या गावे गाडली गेली. एकूण मृतांची संख्या दोन लाखांहून अधिक होती.

भारतातील रेगूर मृदा : दख्खनच्या काळ्या मातीच्या, म्हणजे रेगूरच्या, उगमाविषयीही एकोणिसाव्या शतकात मतभेद होते. काहींच्या मते ती खालच्या बेसाल्ट खडकाच्या झिजेने जागच्या जागी बनलेली होती, तर काहींच्या मते ती पाण्यात साचलेला गाळ होती. मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांच्या १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या भूविज्ञानावरील ग्रंथात या मतांचा परामर्श घेतलेला आहे. दोन्ही मते अंशतः खरी असल्याचे पुढील अभ्यासावरून दिसून आले. पठारांच्या माथ्यावर व उतारांवर आढळणारी उथळ, मुरमाड वा बरड जमीन पुष्कळशी स्थानिक असते. खोऱ्यांतील खोल काळी जमीन मात्र उतारावरून व नद्यांनी आणलेल्या बेसाल्टजन्य मातीची असते. रंग एकच असला, तरी दोहोंचे गुणधर्म भिन्न असतात. विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यात अशा गाळाची जाडी काही ठिकाणी १०० मी.हून अधिक आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या भागाला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. तेथील भूजल खारे असून चिकणमातीतून पाण्याचा निचरा फारच मंद होतो. म्हणून उथळ काळ्या जमिनीवरील विहिरींचा अनुभव येथील सिंचनाला लागू पडत नाही. कोकणातील जांभ्यावरची तांबडी माती हे याच्या उलट मुख्यत्वे अवशिष्ट मृदेचे उदाहरण होय. जांभ्याला त्याचे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकॅनन (१७६२–१८२९) यांनी १८०७ मध्ये मलबारमधील निरीक्षणांवरून दिले [⟶ जांभा].

वर्गीकरणाची सुसूत्र मांडणी : विखुरलेले हे सर्व निष्कर्ष अमेरिकन भूवैज्ञानिक जॉर्ज पर्किन्स मेरिल (१८५४–१९२९) यांनी १८९७ मध्ये खडक, त्यांची झीज व मृदा यांवरील आपल्या ग्रंथात एका चौकटीत आणले. खडकावरील सर्व सुट्या द्रव्याला त्यांनी एक समान संज्ञा दिली व त्याचे स्थानिक आणि वाहित असे दोन गट केले. स्थानिक गटात अवशिष्ट व वनस्पतिजन्य संचय (उदा., पीट), तर वाहित गटात गुरुत्ववाहित, जलवाहित, वातवाहित व हिमवाहित असे चार विभाग त्यांनी केले. पाठ्यपुस्तकांतील प्रचलित विभागणी थोड्याफार फरकाने हीच आहे. यूजीन हिलगार्ड (१८३३–१९१६) यांनीही १९०६ मधील ग्रंथात मृदांची स्थानिक, उतारावरील व जलोढ अशी वर्गवारी वापरली. अमेरिकेच्या मृदा सर्वेक्षणाने १९१३ मध्ये देशाचे जे विभाग पाडले, त्यांत हिमनदीय व लोएस प्रांत, नदी-पूरमैदान प्रांत अशी वाहकसूचक नावे होती.

मृदाविज्ञानातील बदललेली दृष्टी : रशियात व्ह. व्ह. डोकुचायेव्ह (१८४६–१९०३) यांनी १८८३ मध्ये काळ्या मातीवरील प्रबंधात वेगळा विचार मांडला. मृदा म्हणजे केवळ झिजलेला वा वाहून आलेला खडक नसून हवामान, जीवसृष्टी, भूरूप, जनकद्रव्य व काल यांच्या संयुक्त क्रियेने घडलेली स्वतंत्र नैसर्गिक वस्तू आहे, असे त्यांचे मत होते. एकाच लोएसवर दमट वनात एक व शुष्क गवताळ प्रदेशात दुसरीच मृदा तयार होते. तेव्हा द्रव्य कोणी आणले हे सांगितल्याने मृदेचे संपूर्ण वर्णन होत नाही. कर्टिस मार्बट (१८६३–१९३५) हे अमेरिकन सर्वेक्षणाच्या १९१३ मधील मांडणीचे प्रमुख होते. परंतु रशियन विचारांच्या परिचयानंतर त्यांनी स्वतःच वाहकाधिष्ठित पद्धती सोडून मृदेच्या परिच्छेदातील थरांना प्राधान्य दिले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मृदावर्गीकरणात उगमाऐवजी मोजता येण्याजोगी लक्षणे आधारभूत मानली आहेत व भारतातील मृदा सर्वेक्षणातही या पद्धतीचा अवलंब झाला. तरीही वाहकाची खूण पूर्णपणे पुसली गेलेली नाही. ज्या मृदांत थर बनण्यास पुरेसा काळ मिळालेला नाही, त्यांचे पूरमैदानी गाळाच्या व वालुकामय अशा मृदांचे उपगण या पद्धतीतही ठेवावे लागले.

अभियांत्रिकीतील उपयोग : कार्ल टेर्त्साघी (१८८३–१९६३) यांच्या १९२५ मधील ग्रंथाने मृदा यामिकी या शाखेचा पाया घातला. अभियंत्याच्या दृष्टीने मृदा म्हणजे वरचा एक-दोन मीटरचा लागवडीचा थर नव्हे, तर पायाखालचे सर्व सुटे द्रव्य होय. इतक्या खोलीवर हवामानाचा प्रभाव कमी असतो व वाहकाने केलेली मांडणीच निर्णायक ठरते. हिमनदीच्या भाराखाली दाबली गेलेली माती घट्ट व भारक्षम असते, तर मुंबई-ठाण्याच्या खाडीलगतची सागरी चिकणमाती भाराखाली वर्षानुवर्षे खचत राहते. त्यामुळे तेथे भराव घालण्यापूर्वी मातीतील पाणी काढून टाकण्याची व्यवस्था करावी लागते.

वाहकाबरोबरच साचण्याचे ठिकाणही महत्त्वाचे आहे. नॉर्वे व कॅनडा येथे हिमनद्यांनी दळलेले बारीक पीठ खाऱ्या समुद्रात साचले. पुढे बर्फाचा भार गेल्यावर ती भूमी वर उचलली गेली आणि गोड्या पाण्याने कणांमधील मीठ धुऊन नेले. कणांची सैल रचना मात्र तशीच राहिली. अशी माती दिसण्यात घट्ट असली, तरी धक्का बसताच द्रवाप्रमाणे वाहू लागते. कॅनडातील सँ-झां-व्हियाने येथे ४ मे १९७१ रोजी अशा भूस्खलनात ३१ जण मृत्युमुखी पडले. नॉर्वेमधील रिसा येथे २९ एप्रिल १९७८ रोजी तळ्याकाठी टाकलेल्या खोदकामाच्या मातीचा भार एवढेच निमित्त मोठे भूस्खलन घडण्यास पुरेसे ठरले. अमेरिकेतील आयडाहो राज्यातील टीटन धरणाच्या गाभ्यात वाऱ्याने साचलेला पोयटा वापरलेला होता. तो सहज धुपणारा असल्याने भेगाळलेल्या खडकाच्या सान्निध्यात त्याला आतून पोखर लागली आणि ५ जून १९७६ रोजी प्रथमच भरत असताना ते धरण फुटले. या दुर्घटनेत ११ जणांचा बळी गेला. सह्याद्रीत पुणे जिल्ह्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीत डोंगरउतारावरील झिजलेले द्रव्य व माती घसरून दीडशेहून अधिक लोक दगावले. उतारावरील माती स्थानिक आहे की वरून येऊन तात्पुरती विसावलेली आहे, हे वस्तीची जागा ठरविताना पाहणे किती निकडीचे आहे, हे अशा दुर्घटनांवरून स्पष्ट होते.

मर्यादा : पुष्कळ मृदांचा वाहक एकच नसतो. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे गाळाच्या थरांत ज्वालामुखी राखेचा थर आढळतो. सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची ही राख वाऱ्याने भारतापर्यंत आणली आणि ओढ्यानाल्यांनी ती पुन्हा वाहून नेऊन नदीकाठी साचविली, असे मानले जाते. ती टोबाच्या कोणत्या उद्रेकाची आहे यावर मतभेद असून तिच्या वयाच्या अंदाजांत लक्षावधी वर्षांचा फरक पडतो. अशा वेळी माती जलोढ म्हणावी की वातवाहित, याचे उत्तर प्रवासाचा कोणता टप्पा विचारात घेतला आहे यावर अवलंबून राहते.

मानव हा वाहकही यादीत उशिरा आला. ओढ्यात ताली घालून माती अडविणे, तलावातील गाळ शेतात टाकणे, धरणाचे पाणी ओसरल्यावर गाळपेर करणे या प्रथा महाराष्ट्रात जुन्याच आहेत. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेद्वारे जलाशयांतील गाळ शेतांत नेण्यास शासकीय प्रोत्साहन मिळाले. जागतिक मृदासंदर्भ पद्धतीनेही २००६ मध्ये मानवनिर्मित द्रव्यावरील मृदांसाठी स्वतंत्र गट मान्य केला. अशा शेतात वरचा थर एका वाहकाचा व खालचा दुसऱ्याचा असतो. दोहोंचे निचऱ्याचे गुण जुळत नसतील, तर सुपीक गाळ घालूनही जमीन पाणथळ वा चोपण होऊ शकते. म्हणून गाळ टाकण्यापूर्वी दोन्ही मातींची परीक्षा करणे इष्ट ठरते.